सात टाके

आठची उपासना कानडी, साडेदहाची मराठी.
मधल्या वेळात मी बाकं पुसते,
कानडी गीतपुस्तकं उजव्या कपाटात, आमची डाव्या.
किल्ली एकच, माझ्या कमरेला.
बऱ्याच गीतांच्या चाली त्याच आहेत
हे पेटीला ठाऊक असतं. पेटी कुणाला सांगत नाही.

बंदच्या रात्री फाटकावरच्या पाटीला
कुणीतरी डांबर फासलं, नुसत्या कानडी ओळीला,
पण डांबर ओघळलं, खालची मराठीही गेली.
मग दगड.
एक लागला देवपुत्र कोलकारच्या पुतण्याला,
भुवईच्या वर.

त्या पहाटे माझा आमोस घरी आला,
नखांत काळं.
मी रॉकेल दिलं, चिंधी दिली.
विचारलं नाही.

पोराला टाके घातले ते ख्रियेनुओनं.
नागा डोंगरातली, कॅम्पातल्या दवाखान्यात रात्रपाळीला,
चार वर्षांत आमची बोली उचललेली:
'काय करूलीस मावशी?'
ती दोन्ही उपासनांना येते,
मागच्या बाकावर झोपते कधी कधी.

पाळकांनी दोन्ही मंडळ्यांना एका सतरंजीवर बोलावलं.
मधे वाट सोडल्यासारखी जागा राहिली,
बाहेर चपलांचेसुद्धा दोन ढीग.
पाळक म्हणाले, हिच्या गावानं आपल्यापेक्षा जास्त बघितलंय,
हिला बोलू दे.

ती उठली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली,
आजीच्या आजीकडं भाषा होती, अक्षर नव्हतं.
पाद्री आले, तेव्हा अक्षर आलं.
आमची एक बोली, एक पुस्तक, एकच घंटा.
तरी मामाला मारलं
ते त्याच्या वर्गातल्या पोरानं.

कुणी तरी खोकलं.

मग आमचा म्हातारा पाळक
रोज एका घरी जेवायला निघाला.
आज ह्या गटाच्या, उद्या त्या गटाच्या.
उपदेश नाही. प्रार्थना जेवणापुरती.
ताट नाही मिळालं तर उंबऱ्याशी बसायचा
अंधार पडेपर्यंत, उपाशी.
एकदा कुणी कुत्रं सोडलं अंगावर,
तो कुत्र्याशी बोलत बसला.

'किती दिवस?' देवपुत्रनं कानडीत विचारलं.
तिला कळलं.
'नऊ वर्षं. मग तो वारला.
मग त्याची बायको जाऊ लागली.'

'आणि झाली शांतता?' हे मी विचारलं.
माझा आवाज मलाच उंच वाटला.

ती ओठ दुमडून हसली.
'गोळी थांबली, मावशी.
मामी अजून त्या घराकडं पाठ करून
कपडे वाळत घालते.'

सतरंजी गुंडाळायला कुणी थांबलं नाही.
मी एकटीनं गुंडाळली, जड होती.

बुधवारी शहापूरला गेले.
रत्नव्वानं दार उघडलं, पूर्ण नाही.
मग पूर्ण.
मसाल्याची वांगी, भाकरी, पातळ आमटी.
पोरगं समोर बसलं पाटी-दप्तर घेऊन.
मी टाके मोजले. सात.
आमोसचं नाव भाकरीच्या घासाबरोबर
तोंडात फिरत राहिलं.
गिळलं. तेही, घासही.

देवपुत्र माझ्याकडं न बघता म्हणाला,
'तिन्री, अक्का.'
आणि थोड्या वेळानं, आमच्या बोलीत,
'मीठ कमी पडलंय की काय?'
'नाही,' म्हटलं. कमी होतं.

कोपऱ्यावर आमोस सायकल धरून उभा,
माझ्या मागोमाग आला असणार.
'काय म्हणाले?'
'आमटी बरी होती.'
तो गप्प.
'पुढच्या बुधवारी तू यायचं.
तुझं तू सांगायचं.'

त्यानं सायकल फिरवली,
बसला नाही,
एका हातानं ढकलत चालला माझ्याबरोबर,
दुसऱ्या हाताची नखं खिशात.